उभ्या झाडाचा भाव

राज्यातल्या सर्व महापालिका आणि नगरपालिकांच्या वृक्ष प्राधिकरणांचे अध्यक्ष व सदस्य यांस,

स.न.वि.वि.

आमच्या कोपऱ्यावरच्या पर्जन्यवृक्षाला मेच्या दुसऱ्या आठवड्यात नोटीस लागली. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद आणि त्याच्या चार कोपऱ्यांना चार खिळे. झाडांना खिळे ठोकू नयेत असा फलक पलीकडच्या चौकात याच खात्याने लावला आहे, पण ते असो. मजकूर नेहमीचाच होता. रस्ता रुंदीकरणात अडथळा ठरणारे झाड, नग एक, वय अंदाजे तीस वर्षे, बदल्यात रोपे लावण्यात येतील, हरकती असल्यास सात दिवसांत लेखी कळवाव्यात.

हरकत मी मुदतीत दिली आणि आवक क्रमांक घेतला. हे पत्र त्या एका झाडासाठी नाही, म्हणून शहराचं नाव लिहीत नाही. तुमच्यापैकी प्रत्येकाला आपल्या हद्दीतला असा एक कोपरा आठवेल.

आधी माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की हा कुणी निसर्गप्रेमी आहे. मी नाही. मी तीस वर्षं एका नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. रस्ते, गटारं, फुटपाथ यांची अंदाजपत्रकं केली. आमच्या दरसूचीत झाडासाठी बाब असते: झाड तोडणे, मुळासकट बुंधा काढणे, लाकूड रचून ठेवणे. दर बुंध्याच्या घेराप्रमाणे. तोडून झालं की लाकडाचा लिलाव होतो, त्याची रक्कम जमेला धरतात. म्हणजे कागदावर झाड दोनदा येतं, तोडायच्या आधी खर्च म्हणून आणि तोडल्यावर उत्पन्न म्हणून. मधली पन्नास-साठ वर्षं ते उभं असतं, त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही. फुटपाथवरचा सिमेंटचा बाक मालमत्ता नोंदवहीत असतो, दिव्याचा खांब असतो, त्याच्यावरचा नंबरसुद्धा असतो. बाकावर सावली धरणारं झाड नसतं. आडव्या झाडाला भाव आहे, उभ्याला नाही.

१९९४ साली एका रस्त्याच्या नकाशावर मी स्वतः लाल पेन्सिलीने तेवीस फुल्या मारल्या होत्या. त्यातली बरीच करंज आणि कडुनिंबाची झाडं होती, एक नांदरूक होता. साइटवर जाऊन घेर मोजले, दर लावले, बेरीज केली. नांदरुकाखाली एक चप्पल शिवणारे काका बसत. टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं. काय मोजतोय ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तर आता नोटिशीतल्या 'नग एक'बद्दल.

आमच्याकडे मेच्या मध्याला शून्य सावली दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर असतो आणि खांबाची सावली खांबातच जिरते. झाडाची सावली मात्र त्या वेळी नेमकी त्याच्या विस्ताराएवढी, पायाखाली सपाट पसरलेली असते. मोजायला याहून सोयीची वेळ नाही. गल्लीतल्या चार पोरांना घेऊन मी त्या दिवशी पर्जन्यवृक्षाच्या सावलीच्या कडेने फक्की मारली. लाइन-आउटची, म्हणजे कामाआधी जमिनीवर आखणी करायची, जुनी सवय. पूर्व-पश्चिम सोळा मीटर भरली, दक्षिणोत्तर चौदा. क्षेत्रफळ १७६ चौरस मीटर, म्हणजे जवळपास १,९०० चौरस फूट. पोरांपैकी एकाने लगेच हिशेब केला, "आजोबा, आमचे तीन फ्लॅट बसतील यात."

आता बदल्यातल्या रोपांचं बघू. चांगलं सहा फुटी रोप घेतलं तरी त्याचा विस्तार मीटरभर असतो, त्याची सावली पाऊण चौरस मीटरच्या किंचित वर. एका पर्जन्यवृक्षाची सावली पहिल्या दिवशी भरून काढायची तर अशी २२४ रोपं लागतील, तीही सगळी जगली तर आणि सगळी याच कोपऱ्यावर लावली तर. इथे तर लावायला जागाच नाही. ती लागतात शहराबाहेरच्या एखाद्या टेकडीवर, खडकात दीड फुटी खड्डा काढून, फोटोपुरती. टेकडीवर सावली हवी होती की नाही, हे टेकडीला कुणी विचारलेलं नसतं. काही टेकड्या मुळातच गवताच्या असतात आणि गवत हेच तिथलं खरं रान असतं.

कायद्याने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. नागरी क्षेत्रातल्या झाडांसाठी आपल्याकडे १९७५ पासून वेगळा कायदा आहे, तुमची प्राधिकरणं त्यातूनच जन्मली. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची, ती सात वर्षं सांभाळायची, असं ठरवलं. दोनशे किंवा अधिक झाडांचा प्रस्ताव राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाकडे न्यायला लावला. झाडाचं वय हिशेबात धरलं गेलं, ही त्यातली मोठी गोष्ट. पण त्याबरोबर एक नवी पळवाटही आली. वय कमी लिहिलं की सगळंच स्वस्त होतं.

आमच्या झाडाचं वय नोटिशीत तीस लिहिलं आहे. १९७१ साली माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नाची वरात याच झाडाखाली थांबली होती. भर दुपार होती, बँडवाले सावलीत, घोडं सावलीत आणि नवरदेवाचे मामा रुमालाने वारा घेताहेत, असा फोटो घरात आहे. तेव्हा ते घोड्याला आणि सबंध बँडला पुरेल एवढी सावली देत होतं. म्हणजे आज त्याचं वय पासष्टच्या आत नाही. फोटोची प्रत हरकतीला जोडली आहे. पण ज्या झाडाखालून कुणाची वरात गेली नाही, त्याचं वय कोण सिद्ध करणार? घेर बघून वय ठरवायचं तर ते जातीनुसार बदलतं. पर्जन्यवृक्ष झपाट्याने वाढतो, चिंच सावकाश. वनस्पतिशास्त्र शिकलेला माणूस पंचनाम्याला हजर नसेल, तर 'अंदाजे' या शब्दात वीस-तीस वर्षं सहज मावतात.

आणि पासष्ट वर्षं मान्य झाली तरी पासष्ट रोपांची सावली ५१ चौरस मीटर. तिसऱ्या हिश्शालाही कमी.

आंबा-फणसाला आरमाराच्या कामासाठीसुद्धा हात लावू नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. हा उतारा फ्रेम करून लावलेला मी एका कार्यालयात पाहिला आहे. त्याच्या पुढचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एखादं जीर्ण झाड लागलंच, तर धन्याला राजी करून आणि द्रव्य देऊन न्यावं. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या कारभारात उभ्या झाडाला भाव होता.

आपल्या काळातही तो ठरवायचा प्रयत्न झाला. पश्चिम बंगालमध्ये जेसोर रोडवरच्या ३५६ झाडांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं, तेव्हाचे सरन्यायाधीश आपल्या नागपूरचे शरद बोबडे. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये हिशेब मांडला: झाडाचं जितकं वय, तितके गुणिले ७४,५०० रुपये. त्या दराने आमचं पासष्ट वर्षांचं झाड ४८ लाखांच्या पुढे जातं. मी खूश व्हायला हवं होतं. पण त्या साडेचौऱ्याहत्तर हजारांतले ४५,००० ऑक्सिजनचे आहेत, आणि इथे माझं समितीशी जमत नाही. ऑक्सिजन हवेत सुमारे २१ टक्के आहे, तो कोपऱ्यावरही आहे आणि घाटातही. झाड नसलेल्या चौकात लोक धापा टाकतात ते ऑक्सिजन कमी पडला म्हणून नव्हे. धूर असतो, धूळ असते आणि ऊन असतं. 'झाडं ऑक्सिजन देतात' हे आपण शाळेपासून घोकत आलो आणि त्यामुळे एक गैरसमज पक्का झाला, की झाड कुठेही असलं तरी चालतं. या कोपऱ्यावर तोडा, दहा किलोमीटरवर लावा, ऑक्सिजन तेवढाच! सावली मात्र दहा किलोमीटरवरून पाठवता येत नाही.

झाडाखालचा थंडावा नुसता आडोशाचाही नसतो. मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वाफ होऊन जातं आणि जाताना आसपासची उष्णता घेऊन जातं. वीजबिलाच्या भाषेत सांगायचं तर एका लिटरमागे साधारण ०.६८ युनिट. मोठं झाड, त्याच्या मुळांना ओल मिळत असेल, तर दिवसाला शंभर लिटर पाणी असं सोडू शकतं. म्हणजे ६८ युनिट उष्णता. खोलीतली तेवढी उष्णता काढायला दीड टनाच्या एसीला तेरा तास लागतील, आणि एसी ती नाहीशी करत नाही, खिडकीबाहेर रस्त्यावर ओततो. मुंबईच्या दमट हवेत वाफेचा परिणाम कमी पडतो, तिथे भिस्त सावलीवरच. पण पुणे, नाशिक, नागपूर, जळगावच्या कोरड्या उन्हाळ्यात हे दोन्ही मिळतं, फुकट मिळतं. अट एकच, मुळांना पाणी आणि हवा पोचली पाहिजे.

आणि इथे मला माझ्याच खात्याविरुद्ध साक्ष द्यायची आहे.

झाडाची मुळं खोल पाताळात जातात असं आपल्याला वाटतं. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या पलीकडे दूरवर पसरलेली असतात. रस्त्याच्या काँक्रीटीकरणाला आपण साधारण तेवढंच खोदतो. फुटपाथला पेव्हर ब्लॉक बसवताना खाली पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, ओततो, आणि ब्लॉक बुंध्याला चिकटेपर्यंत नेतो कारण ते 'नीट दिसतं'. मीही नेले आहेत. मग केबलवाल्याचा चर येतो, बुंध्यापासून हातभर अंतरावरून. मजूर समोर आलेलं मूळ कुऱ्हाडीने तोडतो, त्याला तसंच सांगितलेलं असतं. पुढच्या वर्षी गॅसची लाइन दुसऱ्या बाजूने. त्यानंतर विजेच्या तारांसाठी एका अंगाची छाटणी, म्हणजे झाडाचा तोल उरलेल्या अंगावर. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे किंचित फुगवटा असतो. तो ठेवून कापलं तर जखम भरते. आपण खोडाला घासून कापतो किंवा मध्येच खुंट सोडतो. दोन्हींत पाणी मुरतं आणि आतून कूज लागते. मग मेमधल्या वळवाच्या पावसात ते झाड रिक्षावर पडतं, दुसऱ्या दिवशी बातमी येते 'झाड कोसळून...' आणि पंचनाम्यात कारण लिहिलं जातं: जोराचा वारा.

दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीची एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिला. त्यासाठी आपल्याकडे दिल्लीहून कुणी यायची गरज नाही. अंदाजपत्रकात एक ओळ टाकायची: प्रत्येक झाडाभोवती आळं, मोकळी माती. काम स्वस्तच होतं, तेवढे ब्लॉक वाचतात. ठेकेदाराला ते आवडणार नाही, कारण मोजमाप पुस्तकात तेवढे चौरस मीटर कमी भरतात.

पाडायला हवीत अशी झाडं असतात, हे मला मान्य आहे. वठलेली, पोखरलेली, शाळेच्या फाटकावर झुकलेली. माणसाच्या जिवावर झाड ठेवा असं मी कधी म्हणणार नाही. आणि आम्ही नागरिक काही साधू नव्हेत. तुमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचा गठ्ठा मी पाहिला आहे. पाचोळा पडतो, पाखरं गाडीवर घाण करतात, फांदी गॅलरीत येते, दुकानाची पाटी झाकली जाते. रात्रीत बुंध्याला भोक पाडून त्यात अ‍ॅसिड ओतणारे महाभागही आमच्यातलेच. आमच्या झाडाबाबत तर एका सुशिक्षित गृहस्थांनी मला सांगितलं, "अहो, ते परदेशी झाड आहे, गेलं तर काय बिघडलं?" पर्जन्यवृक्ष अमेरिका खंडातून आला हे खरं. मिरचीही तिकडूनच आली आणि बटाटाही. नवीन लावताना वड, करंज, कडुनिंब, जांभूळ, ताम्हण लावा, जरूर. दुभाजकांत ते हिरवे पुठ्ठ्यासारखे कोनोकार्पस लावणं थांबवा, गुजरातने त्यावर २०२३ मध्ये बंदी घातली. पण साठ वर्षं सावली धरून उभं असलेलं झाड आता मूळ गाव विचारून पाडू नका.

ही सावली वापरतं कोण, हेही एकदा बघून घ्या. मी दोन दुपारी मुद्दाम मोजलं. पर्जन्यवृक्षाखाली पाच रिक्षा, एक किल्लीवाला, लिंबू सरबताची गाडी, भाजीच्या दोन टोपल्या, कचरा वेचून दमलेल्या तीन बायका, पार्सलची पिशवी उशाला घेऊन पडलेला एक पोरगा, आणि रुंदीकरणासाठी चर मारायला आलेले चार मजूर, जेवायला बसलेले. समोरच्या फुटपाथवर, रस्ता तोच, वेळ तीच, एकही माणूस नव्हता. तिथे नवा स्टीलचा बसथांबा आहे. त्याच्या बाकाला दुपारी हात लावून बघा. ज्याच्या घरी, गाडीत, ऑफिसात एसी आहे त्याला हे झाड गेल्याचं आठवडाभर कळणारही नाही. नकाशावर फुल्या मारणारा, मंजुरी देणारा, नोटीस छापणारा, आपण सगळे त्यातलेच.

म्हणून माझी मागणी छोटी आणि कारकुनी आहे. नोटिशीत नगाबरोबर सावलीचं क्षेत्रफळ लिहा. वृक्षगणना तुम्हाला दर पाच वर्षांनी करायचीच असते, तेव्हा विस्तार मोजणं अवघड नाही, टेप आणि दोन माणसं पुरतात. मग ज्या रस्त्यावर १७६ चौरस मीटर सावली जाणार, त्याच प्रभागात ती कधीपर्यंत आणि कशाने भरून निघणार, हे प्रस्तावातच लिहावं लागेल. दहा वर्षांनी १७६ भरली का, हे तपासताही येईल. २०१९ च्या ऑक्टोबरात मुंबईत आरेतली तोड सर्वोच्च न्यायालयाने थांबवली, तोवर २,१४१ झाडं गेली होती. हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण किती सावली गेली, किती जमीन उघडी पडली, याचा आकडा कुणाच्या तोंडी नाही. २०२५ च्या अखेरीस नाशिकला तपोवनातल्या झाडांवरून वाद पेटला, तेव्हाही तोडणार किती नि लावणार किती, याच दोन आकड्यांची ओढाताण झाली. या खेळात लावणारा नेहमी जिंकतो. एकाला दहा म्हटलं तरी जिंकतो, एकाला पंधरा म्हटलं तरी जिंकतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहराने २०१२ मध्ये आपलं उद्दिष्ट झाडांच्या संख्येत मांडलंच नाही. सार्वजनिक जागांवरचं झाडांचं छत २२ टक्क्यांवरून २०४० पर्यंत ४० टक्क्यांवर न्यायचं, असं मांडलं. छत टक्क्यांत मोजलं की जुनं झाड आपोआप महाग होतं.

दुसरी मागणी अंदाजपत्रकाची. तोडण्याच्या बाबीशेजारी उभ्या झाडाच्या किमतीची बाब टाका आणि ती रस्त्याच्या खर्चात धरा. किंमत ४८ लाख धरा की चार, त्यावर तज्ज्ञ भांडतील, भांडू देत. २०२५ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मथुरा-वृंदावनकडच्या ४५४ झाडांच्या बेकायदा तोडीला झाडामागे एक लाख दंड कायम केला, आणि ते हिरवं छत परत उभं राहायला किमान शंभर वर्षं लागतील असं म्हटलं. दंड तोडल्यानंतर भरायचा असतो. मला किंमत तोडायच्या आधी लिहिलेली हवी आहे. आमचा रस्ता त्या झाडापाशी दोन मीटर वळवला तर किती खर्च येतो, हे मी जुन्या सवयीने काढून बघितलं. पर्जन्यवृक्षाच्या नावापुढे शून्य असेल, तर वळवणं नेहमीच महाग दिसणार. शून्याच्या जागी काहीही लिहा, अगदी दोन लाख लिहा, आमच्या कोपऱ्यावर रस्ता वळतो.

सुनावणी जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे असं कळलं. फक्कीची रेघ अजून दिसते, रिक्षावाले तिच्या आतच गाड्या लावतात, त्यांना ती हद्द वाटते. पहिल्या पावसात पुसली जाईल. दुसरा शून्य सावली दिवस आमच्याकडे जुलैच्या अखेरीस येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं आणि मोजता येत नाही. सदस्यांपैकी कुणाला प्रत्यक्ष पाहायचं असेल तर पावसाआधी या. साडेबाराला. टेप माझ्याकडे आहे, दुसरं टोक धरायला एक माणूस लागेल.

कळावे,

आपला,
एक निवृत्त ओव्हरसियर

सोबत: सावलीच्या मोजमापाचा नकाशा, १९७१ च्या फोटोची प्रत, रस्ता दोन मीटर वळवण्याचे अंदाजपत्रक.